ताईचे शब्द बाबांच्या तोंडी

इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. पण वाचायचे ते त्यातली फट शोधायला. कुणाला रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मी मनात म्हणायची — अंधारात साडीचा रंग कसा काय कळला बुवा? मी बुलढाण्याला ज्युनिअर कॉलेजवर केमिस्ट्री शिकवते. तेव्हा शंका काढणं हा एक प्रकारे माझा धंदाच आहे. आणि हा स्वभाव माझा एकटीचा नाही, घरातून आलेला आहे.

माझे बाबा वरवट बकालचे. संग्रामपूर तालुक्यातलं हे मोठं गाव, कापूस-तुरीचं. बाबांनी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली. आम्ही बौद्ध. घरात देव्हारा नाही, नवस नाही, उतारा नाही, लिंबू-मिरची नाही. बाबा शाळेच्या पटांगणात काडी न लावता जाळ पेटवून दाखवायचे — परमँगनेटवर ग्लिसरीनचे चार थेंब — आणि मग गावाला समजावून सांगायचे की बुवा तुम्हाला कसा फसवतो. एखाद्या बाईच्या अंगात आलं की लोक नारळ घेऊन धावायचे, बाबा तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन जायचे. तिच्याशी हळू बोलायचे, घरात काय चाललंय ते विचारायचे. "अंगात कोणी येत नसते," ते आम्हाला सांगायचे. "मनात दाबून ठेवलेलं बोलते, दुसरं काही नाही."

तर, जे झालं ते या माणसाच्या बाबतीत झालं. म्हणून लिहायचं.

बाबांना विचारूनच लिहिते आहे. आधी नाहीच म्हणत होते. मग म्हणाले, "लिही. पण चमत्कार म्हणून लिहू नको. समजलं नाही, म्हणून लिही."

माझी मोठी बहीण अलका. आई आम्ही लहान असतानाच गेली, माझ्या वेण्या घालण्यापासून सगळं ताईनेच केलं. बाबांना मी 'तुम्ही' म्हणते. ताई मात्र पहिल्यापासून 'बा' म्हणते आणि अरेतुरे करते — "बा, तू जेवला का? बा, तुह्या चष्म्याची काडी कोणी मोडली?" तिचं सासर मलकापूरचं. मिलिंद भाऊजींचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे आणि ताई घरी शिवणक्लास घ्यायची. तिच्या हाताखालून शिकून गेलेल्या पोरी आज मलकापुरात स्वतःचं दुकान चालवतात. मूलबाळ नाही. दोघांना एकमेकांशिवाय करमत नाही, असा संसार.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळचा क्लास चालू होता. ताई एका मुलीला बाहीचा कट दाखवत होती, आणि बोलता बोलता कात्री टाकून तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "माय वं!" — एवढंच म्हणाली आणि खाली बसली. डोक्यात फटाका फुटावा तसं झालं, असं ती भाऊजींना सांगत होती. मग उलट्या. मान ताठ. मलकापुरातच सीटी स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं — मेंदूभोवती रक्त सांडलंय, इथे थांबू नका.

ॲम्ब्युलन्स बुलढाण्यावरून संभाजीनगरला जाणार होती. मी वाटेत चढले. राजूरचा घाट भाऊजींनी ताईचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून काढला होता... गाडी सपाटीवर आली तरी त्यांचे हात सुटत नव्हते. ताई ग्लानीत होती. मी जवळ गेले तशी तिने डोळे किलकिले केले.

"सुजे... सुट्टी टाकली का कॉलेजात?"

"टाकली गं ताई."

"नाईतर पगार कापतील तुहा."

यानंतर किती तरी दिवस मी तिचा आवाज ऐकणार नव्हते. तिच्या तोंडून तरी नाही.

संभाजीनगरच्या त्या हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. तिथले न्यूरोसर्जन शांत माणूस होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. सायकलच्या ट्यूबला एखाद्या जागी फुगवटा येतो, तसा ताईच्या डाव्या बाजूच्या धमनीला फुगा आला होता. त्याला एन्युरिझम म्हणतात. तो फुटून रक्त सांडलं होतं. सध्या तोंडावर गुठळी बसलीय म्हणून रक्त थांबलंय, पण पुन्हा फुटला तर वाचणं कठीण.

"मांडीतून नळी घालून बारीक तारेच्या वेटोळ्याने, कॉइलने, आतून बुजवता येतो," ते म्हणाले, "पण ह्यांच्या फुग्याचं तोंड रुंद आहे, कॉइल टिकणार नाही. कवटी उघडून फुग्याच्या मानेवर क्लिप लावावी लागेल. कपडे वाळत घालताना चिमटा लावतो ना, तसा. बारीक, टायटॅनियमचा. तो आयुष्यभर आत राहील."

"धोका?" मी विचारलं.

"आहे. बोलण्याचा भाग अगदी शेजारी आहे."

भाऊजींनी सही केली. नंतर म्हणाले, "सुजाता, मी सही केली नं? मले काही आठवत नाही."

ऑपरेशन दिवसभर चाललं. संध्याकाळी डॉक्टर टोपी हातात घेऊन बाहेर आले. क्लिप नीट बसली होती. पण फुगा मोकळा करताना फुटला होता, रक्त थांबवायला मुख्य धमनी थोडा वेळ बंद ठेवावी लागली होती. "आता त्या कशा उठतात ते बघायचं," एवढंच म्हणाले.

ताई उठली. म्हणजे डोळे उघडले. डोक्याचा मुंडण केलेला भाग पट्टीखाली, चेहरा सुजलेला, उजवा हात-पाय लाकडासारखा. मी वाकून म्हटलं, "ताई, मी सुजाता." ती माझ्याकडे बघत होती. ओळख होती की नव्हती, मला आजही सांगता येत नाही. ओठ हलायचे, आवाज नाही. भाऊजी तिच्या कानाशी, "अलके, ए अलके" करत राहिले. शेवटी सिस्टरने त्यांना हळूच बाहेर नेलं.

बाबा या सगळ्यात वरवटलाच होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकरवर चालतात, प्रवास झेपत नाही. शेजारी राहणारी माझ्या चुलतभावाची बायको कमलवहिनी त्यांचं जेवणखाण बघते. मी रोज फोन करून सगळं सांगायची. बाबा ऐकून घ्यायचे. प्रश्न विचारायचे तेही मास्तरासारखे — रक्तदाब किती, कोणतं औषध. रडले नाहीत.

ऑपरेशननंतर थोड्या दिवसांनी, सकाळीच त्यांचा फोन आला. आवाज वेगळा होता. चोरी करताना सापडल्यासारखा.

"सुजा, एक काम कर. अलकाच्या उजव्या टाचेखाली काही टोचून राह्यलं का, पाह्य."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. पाह्य फक्त. अन् मिलिंदले सांगू नको."

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा जीव, काहीतरी सुचतं. भेटायची वेळ झाली तेव्हा आत गेले आणि सहज पांघरूण उचललं. उजव्या टाचेखाली इंजेक्शनच्या सुईचं प्लास्टिकचं टोपण अडकलेलं होतं. कधीचं कोण जाणे. कातडीत गोल खड्डा पडून ती जागा जांभळी झाली होती. तो पाय तिला हलवता येत नव्हता. सांगता येत नव्हतं. सिस्टर ओशाळली, लगेच मलम लावलं.

मी बाहेर येऊन फोन केला. "बाबा, होतं. टोपण होतं. तुम्हाला कसं कळलं?"

बाबा म्हणाले, "ठेवतो." आणि ठेवला.

दुपारी कमलवहिनीचा फोन. ती घाबरलेली. "सुजाता, गुरुजीइले काय झालं व? सकायी आंगनात खुर्चीवर बसून चहा पेत होते, अन् एकदम म्हनाले — 'ओ बा, टाच दुखते माही. टाच.' मी म्हटलं, गुरुजी, कोनाले म्हनता? तर माह्याकडे असे पाहत राह्यले का जसं ते वाक्य त्याइनंच पहिल्यांदा आयकलं. आवाज त्याइचाच होता व. पन बोलनं अलकाचं."

'बा.' आमच्या घरात हा शब्द फक्त एकच माणूस वापरतं. बाबांचे स्वतःचे वडील कधीच वारले. बाबा कोणाला बा म्हणणार?

मी त्यांना फोनवर गाठून खोदून खोदून विचारलं. शेवटी बोलले. "मले काही दिसत नाही. आवाज येत नाही. स्वप्न नाही. मी जागा असतो, दिवसाढवळ्या. अन् माह्या तोंडून निघते. निघाल्यावर मीच ऐकतो." मग म्हणाले, "कोणाले सांगू नको, सुजा. आयुष्यभर गावाले काय शिकवलं मी?"

मी माझी तऱ्हा केली — फट शोधली. मेंदूवर ताण आला की माणूस काहीबाही बोलतो. बिछान्याला खिळलेल्या माणसाची टाच दुखतेच, हे बाबांना स्वतःच्या खुब्याच्या वेळचं माहीत आहे. टोपण हा योगायोग. बसलं गणित.

मग एके दिवशी बाबांच्या तोंडून पुन्हा निघालं आणि त्यांनी ते तसंच फोनवर सांगितलं. "वरून टपटप वाजून राह्यलं. डोक्याच्या मागं. ते बंद करायला सांग त्याइले."

मी आत गेले. काहीच ऐकू येत नव्हतं, यंत्रांची पीं-पीं सोडून. ताईच्या उशीपाशी गुडघ्यावर बसले, कान तिच्या कानाजवळ नेला... आणि आला आवाज. पलंगाच्या डोक्याकडच्या बाजूला, भिंतीच्या फटीत, एसीचं पाणी एका स्टीलच्या ट्रेवर पडत होतं. टप. टप. उभ्या माणसाला ऐकू येत नव्हतं. तिच्या उशीवर डोकं ठेवल्याशिवाय ते कळलंच नसतं.

यावेळी गणित बसलं नाही.

मी बाबांची परीक्षाही घेतली, हे सांगायला हवं. फोनवर विचारलं, "ताईच्या पलंगाभोवतीचा पडदा कोणत्या रंगाचा आहे?" बाबा भडकले. "मले काय भगत समजली का तू? सांगितलं नं, मले काही दिसत नाही!" खरंच त्यांना काही माहीत नव्हतं. ताईला जे सांगायचं असेल तेवढंच येत होतं. बाकी शून्य.

आणि मग माझं जे झालं, ते लिहायला जड जातं. मी त्या फोनची वाट बघायला लागले. डॉक्टरांच्या राउंडपेक्षा जास्त. सकाळी उठल्याबरोबर — "बाबा, काही आलं का?" दुपारी पुन्हा. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकी होती, तिथे रेंज चांगली यायची, मी तिथेच उभी. "काही म्हणाली का ताई?" बाबांचा आवाज दिवसेंदिवस खोल जात होता. कमलवहिनी म्हणायची, भाकरीचा तुकडा मोडतात नि तसाच ठेवतात. मला ते ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. मला माझी बहीण हवी होती, आणि ती फक्त त्या एका फोनमध्ये शिल्लक होती.

भाऊजींपासून लपलं नाही. एकदा त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "बाबा, मी मिलिंद. तुमच्या पाया पडतो, तिले फक्त एक विचारा. ती मले ओळखते का? तेवढंच विचारा."

स्पीकरवर होतं, म्हणून मीही ऐकलं. आमचे बाबा पहिल्यांदा रडले. "मले विचारता येत नाही रे बाप्पा. ते तिकडूनच येते. इकडून जात नाही."

भाऊजी फोन माझ्या हातात देऊन जिना उतरून गेले. खाली चहाच्या टपरीवर जाऊन नुसते उभे राहिले, चहा न घेता. वरून खिडकीतून मला त्यांचं डोकं दिसत होतं.

त्यानंतर ताई उतरत गेली. सांडलेल्या रक्तामुळे मेंदूच्या इतर रक्तवाहिन्या आकसतात, याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती. रक्तदाब मुद्दाम वाढवून ठेवला होता, औषधं चालू होती. तरी ती डोळे उघडेनाशी झाली. चिमटा काढला तर डावा हात जेमतेम हलायचा. डॉक्टर म्हणाले, "आम्ही सगळं करतोय. पण तुम्ही मनाची तयारी ठेवा." हे वाक्य आपण दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकलेलं असतं. आपल्याला कोणी म्हणतं तेव्हा त्याचा अर्थच लागत नाही. मी मान हलवली आणि विचारलं, "उद्यापासून तिला फळांचा रस चालेल का?"

त्या दिवशी सकाळपासून बाबा फोन उचलत नव्हते. मी वेड्यासारखी लावत होते. शेवटी कमलवहिनीने उचलला. "उन्हात बसले हायेत, डोकं धरून. बोलत नाहीत कोनाशी. मले भेव वाटते व सुजाता, डाक्टरले बोलवू का?"

मी म्हटलं, बोलव. आणि खिडकीशी उभी राहिले. मला एकदम वाटलं, आज दोघंही जातील. एक इथे, एक तिथे. आणि मी ह्या खिडकीत उभी असेन, फोन चार्जिंगला लावून.

दुपारी बाबांचा फोन आला. शब्द तुटत होते. "पाणी. सुजा, पाणी... डोक्यात पाणी भरून राह्यलं. डोळ्याच्या मागून दाबते. पाणी काढा म्हणावं. सांग त्याइले. आत्ता सांग."

मी धावले. डॉक्टर लिफ्टमध्ये शिरत होते. मी दारात हात घातला. "सर, तिच्या डोक्यात पाणी साठलं असेल का?"

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

काय सांगणार होते मी? "वाचलं कुठेतरी," म्हटलं. खोटं बोलले.

ते म्हणाले, "शक्यता असते. संध्याकाळी सीटी करणारच होतो." मग लिफ्टमधून बाहेर आले. "चला, आत्ताच करू."

मेंदूच्या आतल्या पोकळ्या फुगल्या होत्या. रक्ताच्या गुठळ्यांनी मेंदूतल्या पाण्याची वाट अडली होती. तातडीने कवटीला छिद्र पाडून नळी घातली. ते पाणी पिशवीत उतरताना मी बघितलं, फिक्कट लालसर. संध्याकाळपर्यंत ताईने डोळे उघडले.

सीटी तसाही होणार होता, हे मी पुन्हा सांगते. त्या मधल्या तासांनी काय फरक पडला असता, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. मी विचारलं होतं. ते म्हणाले, "कदाचित काही नाही. कदाचित सगळाच."

त्या दिवसानंतर बाबांच्या तोंडून काही निघालं नाही. "आता येत नाही," ते म्हणाले. "बरं झालं." आणि इकडे ताईचा चेहरा हळूहळू जागा व्हायला लागला. पुढे कधीतरी, भाऊजी तिचे पाय दाबत बसले असताना ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "चा." भाऊजी म्हणाले, "काय?" ती चिडली. "चा!" चहा हवा होता तिला. भाऊजी कॉरिडॉरमध्ये येऊन भिंतीला कपाळ टेकवून उभे राहिले, आणि इतके हुंदके देऊन रडले की दुसऱ्या पेशंटची माणसं सांत्वनाला आली. त्यांना वाटलं, गेली.

इथे अनुभव संपला असता तर किती बरं झालं असतं.

ताई घरी आली ती वरवटला, बाबांकडे. मलकापूरच्या घराला जिना आहे, आणि इथे कमलवहिनी हाताशी. भाऊजी दुकान सांभाळून येऊन-जाऊन. ताई काठीने चार पावलं चालायला लागली, पण उजवा हात आलाच नाही. शब्द आहेत, पण सापडत नाहीत. ताटाला ती 'गोल' म्हणते, मला कधी 'सुजी' म्हणते तर कधी 'शाळा'. आणि तिला कळतं की ती चुकते आहे. ते सगळ्यात वाईट. एकदा तिने डाव्या हाताने कात्री धरून फडकं कापायचा प्रयत्न केला. कापड मुडपत गेलं. तिने कात्री अंगणात फेकली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मी जवळ गेले तर मला ढकललं. "काऊन..." म्हणाली, म्हणजे कशाला. "मले काऊन..." पुढचं वाक्य तिला सापडलं नाही. मला सापडलं होतं. मी ते पूर्ण केलं नाही.

हॉस्पिटलमधलं तिला काही म्हणजे काही आठवत नाही. ॲम्ब्युलन्सही नाही. आम्ही बाबांच्या बोलण्याबद्दल तिला एक अक्षर सांगितलेलं नाही. बाबांनी आम्हाला तशी शपथच घातली आहे.

कात्रीचा प्रसंग झाला त्या दुपारी बाबांनी मला फाटकापर्यंत सोबत नेलं. वॉकर टेकत टेकत. तिथे थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी मी फोन उचलत नव्हतो. तुले एक गोष्ट सांगितली नाही मी."

"काय?"

"पाण्याच्या आधी, सकाळी, अजून एक आलं होतं." बाबा फाटकाकडे बघत म्हणाले, "'बा, मले जाऊ दे. लय थकली मी.' असं. दोनदा आलं."

मी त्यांच्या जवळ सरकले.

"शाळेत पोरगं बोट वर करून विचारते नं, गुरुजी, जाऊ का? तसं विचारलं तिनं. अन् मी नाही म्हटलं."

"मनात?"

"मोठ्यानं. 'नाही! नाही जायचं!' कमल धावत आली. मी इतके दिवस म्हणत होतो, इकडून काही जात नाही. तरी म्हटलं. मग दुपारी ते पाण्याचं आलं." बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आता ती अशी रडते. बरोबर केलं का मी, सुजा? तू शिकलेली आहे. तू सांग."

मी त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार होते?

आता यानंतरचं. याच उन्हाळ्यातलं.

सुट्टीत मी वरवटला होते. संध्याकाळची वेळ, ऊन उतरलं होतं. अंगणात सुपात तूर घेऊन ताई डाव्या हाताने खडे निवडत होती, हाताला व्यायाम म्हणून. बाबा खुर्चीवर पेपर वाचत होते. मी ओट्यावर. कोणी काही बोलत नव्हतं. ताईने एक खडा उचलला, बाजूला टाकला, आणि मान वर न करता म्हणाली —

"बा... तू... नाही म्हनला."

बाबांच्या हातातला पेपर खाली आला.

मी ओट्यावरून उठले. "ताई? कधी? कधी नाही म्हणाले बाबा?"

तिने हात हवेत फिरवला. कुठेतरी दूर, मागे. "तथी," म्हणाली. तिथे. "मी... दारात. तू... नाही म्हनला."

मी नंतर कमलवहिनीला एकटीला गाठून विचारलं, कारण जुनी खोड. तिने त्या दिवशी बाबांचं ओरडणं ऐकलं होतं, हो. पण तिला वाटलं, अंगणात कुत्रं शिरलं म्हणून ओरडले. ती ताईला काही बोललेली नाही. बाबांनी जे उत्तर दिलं, ते कशाचं उत्तर होतं, हे फक्त बाबांना माहीत होतं आणि नंतर मला. मी कुणालाही सांगितलं नाही. भाऊजींनाही नाही. ते हे इथेच वाचतील.

ताण, योगायोग, आठवणींचा घोळ, आजारी मेंदूने नंतर रचलेली गोष्ट — मी सगळं लावून पाहिलं. प्रत्येक तुकड्याला काही ना काही लागू पडतं. सगळ्यांना मिळून एकच असं काही लागू पडत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. बाबांकडेही नाही, आणि याची त्यांना लाज वाटते.

पण त्या संध्याकाळी आमच्यापैकी कुणालाच स्पष्टीकरण नको होतं. बाबा वॉकर न घेता खुर्चीवरून उठले, दोन पावलं टाकून ताईसमोर जमिनीवर बसले — तो खुबा घेऊन, कसे बसले कोण जाणे — आणि त्यांनी तिला विचारलं, "मंग? चुकलं का माहं, अलका?"

ताईने त्यांच्याकडे बघितलं. शब्द शोधताना तिचा चेहरा एका बाजूला ओढला जातो, तसा तो ओढला गेला. ओठ हलले. डावा हात सुपातून वर आला, बाबांच्या गुडघ्यापर्यंत गेला, तिथे थांबला. तिला उत्तर माहीत होतं, ते मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तिने पुन्हा प्रयत्न केला. आणखी एकदा.

शब्द आला नाही. बाबा अजून तिच्याजवळच बसून असतात रोज, संध्याकाळी, तो येईल म्हणून.